मदत हवी आहे : मुलांसाठी खेळायचा तंबू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मुलगी 4 वर्षांची, धाकटा दीड. सध्या दोघांचं घर म्हणजे जेवणाच्या टेबलावर टाकलेली आजीची सोलापुरी चादर, आणि रात्री आजीला ती परत हवी असते!

नाशिकला इंदिरानगरमध्ये फ्लॅट आहे. सोफा सरकवला तर हॉलमध्ये 4 बाय 4 फूट जागा निघते. तारेचा, सोडला की फटकन उघडणारा तंबू स्वस्त नि हलका. पण शिवण उसवून तारेचं टोक बाहेर आलं तर? धाकटा सगळं तोंडात घालतो. लाकडी दांड्यांचा, सुती कापडाचा टीपी (शंकूच्या आकाराचा तंबू) मला जास्त आवडलाय, कापड काढून धुताही येतं. फक्त हा पठ्ठ्या दांडा धरून उभा राहणार, मग अख्खा डोलारा अंगावर. दांडे खाली दोरीने एकमेकांना बांधले तर पुरे होतं का?

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा जाळीच्या खिडक्या हव्यातच. बजेट 2000 पर्यंत.

मेनरोड किंवा कॉलेज रोडला तंबू उघडून दाखवणारं दुकान आहे का? की शिंप्याकडून शिवून घेऊ? आणि प्लास्टिकच्या चेंडूंचा सेट कृपया सुचवू नका, सोफ्याखालून ते मलाच काढावे लागतील.