आधी काचेवर आतून बोट फिरवा

‘गाडीची पुढची काच धुरकटली की एसी फुल गार करून हवा काचेवर मारा’ हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. आतून बोट फिरवल्यावर रेघ उमटली, तरच एसी, डिफॉगर (काचेवर हवा सोडणारं बटण) आणि बाहेरची हवा आत घेणं. नाही उमटली तर बाष्प बाहेरून आहे. पावसाळ्यात नवी मुंबईच्या पाम बीच रोडला, ठाण्याच्या घोडबंदर रोडला हेच जास्त. अशा वेळी गार झोत मारला की काच आणखी थंड होते आणि आणखी धुरकटते. वायपर फिरवा, तापमान २५-२६ वर न्या, झोत पायाकडे वळवा.

रोज आतूनच धुरकटत असेल तर डावीकडचं पुढचं मॅट उचलून खालचं कार्पेट दाबून बघा. ओलं असेल तर बहुधा एसीच्या पाण्याची नळी तुंबलीय. एसी चालू ठेवून गाडी उभी केली की खाली पाणी ठिबकायला हवं, आपल्या दमट हवेत तर धो धो. नळी साफ करणं किरकोळ काम, फक्त जोरात प्रेशर मारू देऊ नका, जोड निसटतो. कार्पेटखालचा फोम वाळवल्याशिवाय मात्र फरक पडणार नाही. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल तर ते पाणी नव्हे, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. हीटर कॉइल गळतेय.