परदेशी पाहुण्याचा दर: आपले अनुभव लिहा

जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर असल्यामुळे बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला लेणी दाखवून आणणे हे आमच्या घरचे ठरलेले काम आहे. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी सोडून बसने वर गेले की तिकिटाच्या खिडकीपाशी भारतीयांना ४० आणि परदेशी नागरिकांना ६०० रुपये असे दर दिसतात. मागच्या हिवाळ्यात माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध युरोपीय बाईंनी पाचशेची आणि शंभराची नोट काढली, फलक पुन्हा वाचला आणि मागे वळून हसत मला विचारले, "तुम्हाला किती?" चाळीस म्हणताना मी ओशाळले. लिहून लावलेला वेगळा दर मला तितकासा खटकत नाही. तोंड पाहून ठरवलेला मात्र खटकतो. परदेशात आपण त्या बाईंच्या जागी असताना काय घडले, ते शक्यतो आकड्यांसह लिहावे.

धुळे, निवृत्त गणित शिक्षक

ताई, बँकॉकच्या राजवाड्यात आम्ही माणशी ५०० बाट भरले. थाई नागरिकांना तेथे प्रवेश विनामूल्य आहे. त्याचे वाईट वाटले नाही. पुढे एका राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर आमचा दर इंग्रजी आकड्यांत होता आणि स्थानिकांचा थाई आकड्यांत, म्हणजे परक्याला तो वाचताच येऊ नये. परंतु त्यांचे शून्य हुबेहूब आपलेच आहे आणि एक, दोन, तीनही आपल्या आकड्यांचे भाऊबंद वाटतात. जन्मभर फळ्यावर आकडे लिहिलेल्या माणसापासून ते कसे लपणार?

धागाकर्ती

सर, यातली गंमत अशी की थायलंड बिमस्टेकचा, म्हणजे बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटाचा, सदस्य असल्याने थाई पर्यटकाला अजिंठ्यात आपल्याइतकेच, म्हणजे ४० रुपये पडतात.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

श्रीलंकेत सिगिरियाच्या खडकावरील प्राचीन किल्ल्याच्या तिकिटावर सार्क देशांच्या नागरिकांना जवळजवळ निम्मी सवलत मिळते, पण त्यासाठी खिडकीवर पासपोर्ट दाखवावा लागतो आणि आमचे पासपोर्ट हरवू नयेत म्हणून मीच ते हॉटेलच्या तिजोरीत ठेवून आलो होतो. तिकिटाविना प्रवास करणाऱ्यांच्या सबबी तीस वर्षे ऐकून घेणारा मी, त्या दिवशी स्वतःच सबबी सांगत होतो. दोघांचे पूर्ण पैसे भरले. सौ. अजूनही तो विषय काढतात.

नंदुरबार, बँकेतून निवृत्त

आम्ही उभयतांनी निवृत्तीनंतर थायलंडमधील चियांग माईला कायम राहता येईल का, हे पाहण्यासाठी तेथे दीड महिना काढला. पन्नाशी ओलांडलेल्यांना निवृत्तीचा व्हिसा मिळतो, मात्र त्यासाठी तेथील बँकेत आठ लाख बाट ठेवावे लागतात किंवा दरमहा ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागते. माझ्या पेन्शनीने तो प्रश्न तेथेच मिटवला. शहरात आपल्या काळी-पिवळीसारख्या लाल गाड्या चालतात. पहिल्या दिवशी मी भाडे विचारले, तर चालकाने शंभर बाट सांगितले. शेजारच्या खोलीतील निवृत्त गृहस्थांनी नंतर समजावले की विचारायचेच नाही. ठिकाण सांगून बसायचे, उतरल्यावर तीस बाट हातावर ठेवायचे आणि चालू लागायचे. दुसऱ्या दिवशी तसे केले, तेव्हा चालकाने नोटा न मोजता खिशात टाकल्या. बाजारात थाई भाषेत वीसपर्यंत मोजता येऊ लागल्यावर फळवालीही आमच्याशी हिशेबाने वागू लागली.

चोपडा

भूतानमध्ये भारतीयांना दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क पडते, तर इतर बहुतेक परदेशीयांना १०० डॉलर. जाण्यापूर्वीच सर्व कळलेले होते, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती.

जळगाव, भाड्याच्या गाडीचा मालक

मी उलट बाजूचे लिहितो. स्टेशनाबाहेर गोरा प्रवासी दिसला की आम्ही अजिंठ्याचे भाडे वाढवूनच सांगतो, कारण तो घासाघीस करणार हे धरलेले असते. एका जर्मन आजोबांना असाच चढा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी काही न बोलता खिशातून छोटी वही काढली. त्यात हॉटेलात विचारून घेतलेले भाडे टिपलेले होते आणि ते माझ्या नेहमीच्या भाड्याशी अगदी तंतोतंत जुळत होते. मी मान डोलावली, त्यांनी पिशवी आत ठेवली, आणि फर्दापूर येईपर्यंत गाडीत कोणीच काही बोलले नाही.