पैसे मोजून गप्पा?

सिडकोकर: कॉलेज रोडला जिकडे बघावं तिकडे समुपदेशन केंद्र! हजार-हजार रुपये देऊन नुसत्या गप्पा. आमची मनं गोदाघाटावर, नाहीतर मिसळीच्या टेबलावर फुकटात मोकळी व्हायची. आजकालच्यांना सगळ्याचंच कौतुक.

आडगाव_नाका: राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझी बायको गॅस बंद आहे का बघायला पार गेटपासून परत वर जायची. 'नको गं एवढा विचार करूस' सगळ्यांनी सांगून झालं. समुपदेशक ताईंनी सांगितलं, एकदाच बघायचं, कुलूप लावायचं आणि जीव कासावीस झाला तरी खालीच थांबायचं. घालमेल दहापैकी किती ते वहीत लिहायचं. आधी नऊ, अर्ध्या तासाने चार. वर न जाताही ती ओसरते, हे तिचं तिलाच कळलं. आणि मी 'बंद आहे गं' म्हणायचं नाही, ते सगळ्यात अवघड! मिसळीच्या टेबलावर हे कोण करून घेणार?

पंचवटीचा_पाहुणा: ताई चांगल्या मिळाल्या तुम्हाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशकाची पाटी मात्र कुणीही लावतं. आमचं पोरगं वर्गात मारामाऱ्या करायचं, तर एका केंद्राने बोटांचे ठसे घेऊन डीएमआयटीचा, म्हणजे ठशांवरून बुद्धी-स्वभाव सांगणाऱ्या चाचणीचा रिपोर्ट गळ्यात मारला. म्हणे मुलगा 'नेतृत्वगुणी'!

द्राक्षबाग: डीएमआयटीला नावं ठेवू नका. आमच्या मुलीचा रिपोर्ट तंतोतंत जुळला.

पंचवटीचा_पाहुणा: राशिभविष्यही जुळतं. शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने कधीच सांगितलंय.

द्राक्षबाग: तुमच्या पोराचं जमलं नाही म्हणून सगळे चोर का?

पंचवटीचा_पाहुणा: पोरावर जाऊ नका. त्याचं जमलं, पण दुसरीकडे. तिथे आधी आम्हालाच बसवलं. त्याने कुणाला मारलं की आम्ही तासभर ओरडायचो आणि शहाण्यासारखं वागला की ढुंकूनही बघायचो नाही. ते उलटं करायला लावलं.

सिडकोकर: बरं बाबा, गॅसचं पटलं. पण हजार रुपये?

आडगाव_नाका: 14416 लावा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, 2022 पासून. मराठीत बोलतात, तेही फुकट.

सिडकोकर: फुकट आहे म्हणजे बघायला हवं. माझ्यासाठी नाही हं, मेव्हण्यासाठी.

द्राक्षबाग: आणि डीएमआयटी?

पंचवटीचा_पाहुणा: रिपोर्ट आहे अजून. बायकोने लॅमिनेट करून ठेवलाय.