आवारातल्या एका खोलीच्या घरात आईला मोकळे वाटावे, यासाठी मांडणी कशी करावी?

परसदार (प्रश्न)

आमच्या घरामागे, त्याच आवारात, आईसाठी एका खोलीचे स्वतंत्र घर बांधून झाले आहे. आतले माप 12 बाय 20 फूट आणि छत 9 फुटांवर. प्रवेशदार एका आखूड भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात आहे. समोरच्या टोकाला, डावीकडेच, 7 बाय 5 फुटांचे स्नानगृह आहे आणि त्याच्या उजवीकडे 5 बाय 5 फुटांचा एक कोपरा उरतो. खिडकी एकच, पण मोठी, उजवीकडच्या लांब भिंतीत. आईचे वय 74 आहे. ती काठीशिवाय चालते, पण गुडघ्यांमुळे वाकणे तिला नकोसे होते.

रंगकाम संपल्यावर तिचा पलंग, साडेसहा फुटी लाकडी कपाट, शिलाई मशीन आणि दोन खुर्च्या आत नेल्या. कपाट सध्या त्या कोपऱ्याच्या तोंडाशी उभे आहे. आई दारातच थांबली आणि म्हणाली, "सामान सगळे मावले, मी कुठे मावू?" तेव्हापासून मी जेथे जाईन तेथे एकच सल्ला ऐकत आहे: भिंती पांढऱ्या करा, आरसा लावा, सामान उंचावर न्या, घडीचे फर्निचर घ्या. भिंत न पाडता यातले नेमके काय करावे?

ओळंबा (प्रतिसाद)

लहान घरांच्या आतील मांडणीचे काम मी करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. खोली मोठी वाटते की कोंदट, हे दारात उभे राहिल्यावर नजर अडथळ्यावाचून किती लांब जाते आणि जमीन किती दिसते, या दोन गोष्टींवर मुख्यतः ठरते. रंगाचा क्रमांक त्यानंतर लागतो. तुमच्या खोलीची लांबी 20 फूट असली, तरी दारापासून पलीकडच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण 23 फुटांहून थोडा जास्त भरतो आणि तुम्ही सांगितलेल्या मापांनुसार स्नानगृहाची भिंत त्याच्या आड येत नाही. म्हणजे खोलीतली सर्वांत लांब नजर तुम्हाला फुकट मिळाली होती, आणि नेमके तिच्याच वाटेत कपाट उभे केले गेले.

ते कपाट प्रवेशदाराच्याच आखूड भिंतीला लावून घ्यावे. आत शिरणाऱ्याच्या ते समोर येत नाही, कुशीला राहते. रिकाम्या झालेल्या कोपऱ्यात शिलाई मशीन, एक खुर्ची आणि एक दिवा ठेवावा. दूरचे टोक उजळलेले असले की नजर आपोआप तिथवर जाते. पलंग डावीकडच्या लांब भिंतीला समांतर, उशाशी स्नानगृहाची भिंत, असा ठेवल्यास रात्री उठल्यावर दहा पावले चालावी लागणार नाहीत. चालण्याच्या मुख्य वाटेला सर्वत्र निदान 3 फूट रुंदी सोडावी. पुढे चाकाची खुर्ची आली, तर ती जागच्या जागी वळवायला 5 फूट व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. ते खिडकीसमोर सहज मिळते, म्हणून तेथे काहीही कायमचे ठेवू नये.

सामान हलवण्याआधी एक उद्योग जरूर करावा. खोली रिकामी करून प्रत्येक वस्तूचे माप जमिनीवर चिकटपट्टीने आखावे, आणि आईंना दोन दिवस त्या रेषांमधून ये-जा करू द्यावी. कागदावरच्या आराखड्यात जे दिसत नाही, ते चालताना लगेच कळते.

सामान उंचावर नेण्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. छतापर्यंत सलग गेलेले कपाट चार सुट्या फळ्यांपेक्षा शांत दिसते, हे खरे. परंतु गुडघा दुखणाऱ्या व्यक्तीची रोजची वस्तू गुडघा आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यातच हवी. वरचे खण तुम्ही स्वतः वर्षातून दोनदा उघडणार असाल, तरच करावेत.

पडद्याची दांडी छताच्या जवळ आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना निदान आठ-दहा इंच पुढे न्यावी, म्हणजे उघडलेला पडदा काचेवर न येता भिंतीवर थांबेल.

तिरीप (प्रतिसाद)

वरील मांडणीशी मी सहमत आहे. फक्त पांढऱ्या रंगाबद्दल सावध करावेसे वाटते. वयानुसार बाहुली लहान होते आणि डोळ्यातले भिंग पिवळट होत जाते; साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे फिकट भिंतींचा फायदा होतो, पण भिंत, दार, जमीन, कमोड आणि हाताचा दांडा सगळेच पांढरे झाले, की कडा दिसेनाशा होतात आणि माणूस चाचपडू लागतो. भिंती फिकट ठेवाव्यात, जमीन त्याहून एक-दोन छटा गडद आणि झळाळी नसलेली असावी, आणि दाराची चौकट, विजेची बटणे व आधाराचे दांडे स्पष्ट वेगळ्या रंगाचे असावेत.

छताच्या मधोमध एकच प्रखर दिवा लावला, की कोपरे अंधारतात आणि खोली आक्रसल्यासारखी दिसते. त्याऐवजी भिंतीवर प्रकाश टाकणारे तीन-चार सौम्य दिवे, 2700 ते 3000 केल्विनच्या आसपासचे (केल्विन हे प्रकाशाच्या छटेचे माप; एवढा आकडा म्हणजे पिवळसर, उबदार प्रकाश), आणि मशीनपाशी एक वेगळा तेजस्वी दिवा असे करावे.

आरसा लावायचाच असेल, तर आधी त्यात काय दिसणार आहे ते पाहावे. पसारा दिसणार असेल तर पसाराच दुप्पट होतो. तो जमिनीपर्यंत उतरवू नये, कारण संधिप्रकाशात तो पुढच्या खोलीच्या दारासारखा भासतो.

कोनाडा (प्रतिसाद)

मी जाणकार नाही; सासऱ्यांची खोली लावताना केलेल्या चुकाच सांगते. आम्ही घडीचा सोफा-पलंग घेतला होता. त्याची यंत्रणा इतकी जड होती, की तो पहिल्या आठवड्यात एकदा उघडला तो पुन्हा मिटलाच नाही, आणि खोली आधीपेक्षा लहान झाली. चाकांचे छोटे टेबल मोठ्या हौसेने आणले. ते आधारासाठी धरून उठायला गेले की टेबलच पुढे पळायचे. रंगीत सतरंज्यांचे तुकडे तर पहिल्याच महिन्यात गुंडाळून ठेवले, कारण त्यांच्या कडांत पाय अडकत होता.

सर्वांत मोठी चूक दाराची होती. स्नानगृहाचे दार आत उघडणारे होते. सासरे आत घसरले, त्यांची पाठ दाराला टेकली आणि दार उघडेना. शेवटी सुतार बोलावून फळी कापावी लागली. तुमचे दार तसे असेल, तर ते आजच बदला, बाकीचे नंतर. बाहेरून उघडता येईल अशी कडी लावा.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. चिकटपट्टीचा प्रयोग काल केला. आई तिसऱ्या फेरीला खिडकीपाशी थांबली आणि स्वतःच खुर्ची ओढून तेथे बसली, त्यामुळे खुर्चीची जागा ठरली. कपाटही हलवले आहे.

स्नानगृहाचे दार खरोखरच आत उघडणारे आहे. ते सरकते करावे म्हटले, तर अडीच फुटी दाराला सरकायला शेजारी तेवढीच भिंत लागते, आणि त्या भिंतीलाच पलंगाचा उशाकडचा भाग टेकणार आहे. मग बाहेर उघडणारे दार करावे का?

ओळंबा

अडीच फुटी दार बिजागरीवर फिरताना जवळजवळ 5 चौरस फूट जागा व्यापते, आणि ते बाहेर उघडले तर ती जागा नेमकी पलंगाशेजारच्या वाटेतून जाईल. म्हणून सरकतेच करावे. पलंग भिंतीपासून चार इंच पुढे घेतला, की दार उशामागून निर्धोक जाते. पलंगाला मागचा टेकू भक्कम हवा, म्हणजे उशी त्या फटीत पडणार नाही. दार वरच्या रुळावर टांगलेले असावे, जमिनीत रूळ नको, कारण तो पायात येतो. त्या टप्प्यात भिंतीवर बटण किंवा खुंटी असेल, तर सुतार येण्याआधी वायरमनला बोलावून ते बटण दाराच्या उजव्या अंगाला हलवून घ्यावे. दार बसल्यावर ते काम दुप्पट होते.