मदत हवी आहे: प्रकल्पखर्च ५० लाख युरोंच्या वर गेला तर व्हॅटचं काय?

युरोपीय प्रादेशिक विकास निधीतून (२०२१-२७) पूर्व पोलंडमधल्या नगरपालिकेच्या शाळेचं उष्णतारोधन सुरू आहे. व्हॅट धरून खर्च ४८ लाख युरो, निधीचा वाटा ८५ टक्के. युरोपीय संघाच्या नियमावली २०२१/१०६० च्या कलम ६४ प्रमाणे व्हॅटसह खर्च ५० लाखांच्या आत असेल तर व्हॅट निधीतून मिळण्यास पात्र. त्यापुढे फक्त करखात्याकडून परत न मिळणारा व्हॅट पात्र. छताच्या जादा कामामुळे आकडा आता ५१ लाखांवर जातोय.

आधी मंजूर झालेल्या बिलांवरचा व्हॅटही पुन्हा तपासतात का? शाळेचं सभागृह भाड्याने जातं; त्यामुळे त्या भागावरचा व्हॅट करखात्याकडून परत मिळू शकत असेल, तर तेवढा प्रमाणात वगळायचा का? जादा काम वेगळा प्रकल्प म्हणून दाखवायचा सल्ला कृपया नको. असे कृत्रिम तुकडे लेखापरीक्षणात पकडले जातात आणि निधीत कपात होते. प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कोणती कागदपत्रं जोडली, तेवढं नेमकं सांगा.