सिंधी निर्वासित आणि तिबेटी निर्वासित : तुलना नेमकी कशाची करावी?

प्रश्न : निपाणीची विद्यार्थिनी

नमस्कार. मी समाजशास्त्राच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून, आपल्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या दोन बाजूंना वसलेल्या दोन निर्वासित समाजांच्या सामाजिक आणि आर्थिक स्थितीवर प्रबंधिका लिहीत आहे. एक समाज कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातील सिंधी लोकांचा आणि दुसरा उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीचा. दोन्ही समाजांशी आमच्या घराचा थोडाफार संबंध आला, म्हणून हा विषय घेतला. निपाणीत आमचे कापडाचे लहान दुकान आहे. लग्नसराईच्या तोंडावर वडील पहाटेच्या एसटीने निघत, उचगावच्या फाट्यावर उतरत (हे कोल्हापूरचे उचगाव, आपल्या बेळगावचे नव्हे) आणि संध्याकाळी गठ्ठे घेऊन परतत. तिथले म्हातारे शेठ त्यांच्याशी अस्सल कोल्हापुरी मराठीत बोलत, पण उधारी टिपताना वही सिंधीत, उजवीकडून डावीकडे लिहीत. आपल्या नावावर काय लिहिले आहे हे वडिलांना कधीच वाचता आले नाही आणि त्यावरून कधी वादही झाला नाही.

तिबेटी लोक मी पाहिले ते बेळगावला शिकत असताना. थंडी सुरू झाली की स्वेटरची दुकाने लागत. भाव विचारला की दुकानातली बाई कॅलक्युलेटरवर आकडा दाखवी आणि मी घासाघीस सुरू केली की हसून कॅलक्युलेटर खाली ठेवी.

पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की सिंधी समाज मुळातच व्यापारी आणि तिबेटी समाज मुळातच धार्मिक असल्यामुळे एकाची भरभराट झाली आणि दुसरा आहे तिथेच राहिला. मार्गदर्शक बाईंनी 'मुळातच' या शब्दाखाली दोन्ही ठिकाणी लाल रेघ ओढली आणि समासात 'पुरावा?' एवढेच लिहिले. मग ही तुलना कोणत्या पायावर करावी? उत्पन्न, शिक्षण आणि घरे यांची कोष्टके करून भागेल का?

उत्तर : शहापूर, बेळगाव (निवृत्त वकील)

आपल्या बाईंनी रेघ योग्य जागी ओढली आहे. कोष्टके अवश्य करा, परंतु त्यांच्या आधी एक प्रकरण कागदपत्रांवर लिहा, कारण या दोन समाजांतला पहिला फरक तिथे पडला आहे.

सिंधमधून आलेला हिंदू कायद्याच्या दृष्टीने परदेशी नव्हताच. फाळणीनंतर, विशेषतः जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, ही माणसे बोटींनी मुंबईला आणि आगगाडीने राजस्थानमार्गे आली. त्यांना नागरिकत्व देण्याची तरतूद घटनेच्या सहाव्या अनुच्छेदातच आहे. १९ जुलै १९४८ च्या आधी आलेले थेट नागरिक ठरले आणि नंतर आलेल्यांना नोंदणी करून नागरिक होता आले. १९५४ च्या विस्थापितांच्या भरपाई व पुनर्वसनाच्या कायद्यान्वये, मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांपोटी काही ना काही पदरात पडले. ती भरपाई पुरेशी होती असे कोणी म्हणणार नाही, पण मिळालेले घर किंवा गाळा स्वतःच्या नावावर होत होता, गहाण ठेवता येत होता, विकता येत होता आणि मुलांना वारसाने देता येत होता.

तिबेटी माणसाची गोष्ट निराळी आहे. दलाई लामा मार्च १९५९ मध्ये भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो लोक आले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही, त्यामुळे बोलताना आपण त्यांना निर्वासित म्हणत असलो तरी कायद्याच्या कागदावर ते परदेशी नागरिक म्हणूनच नोंदले जातात. त्यांच्याजवळ नोंदणी प्रमाणपत्र असते, ज्याला तेही 'आरसी' म्हणतात, आणि त्याचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. परदेशी जायचे तर पासपोर्टऐवजी वेगळे ओळखपत्र लागते. मुंडगोडची जमीन सरकारने त्यांना वसण्यासाठी आणि कसण्यासाठी दिली, मालकीने दिली नाही.

नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने नागरिक ठरते. या आधारावर तिबेटी तरुण न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये व पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टचा मार्ग मोकळा झाला तेव्हा आरसी परत करणे, वसाहतीतले वास्तव्य सोडणे अशा अटी त्याला जोडल्या गेल्या. म्हणजे वसाहतीत जन्मलेल्या माणसाला पासपोर्ट हवा तर आईबापांचे घर सोडण्याचा विचार करावा लागतो. आपण ज्याला 'आहे तिथेच राहिला' म्हणता, त्यामागे हा हिशेब आहे.

जाता जाता एक सांगतो. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता आणि आपला जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. कराचीच्या व्यापाऱ्याला मुंबईची बाजारपेठ, तिथल्या पेढ्या, कचेऱ्या आणि कायदे ओळखीचे होते. ल्हासाहून आलेल्या माणसाला यांतले काहीच ओळखीचे नव्हते.

उत्तर : चिकोडीचा एक व्यापारी

वकीलसाहेबांचे म्हणणे मान्य आहे, पण सगळे कागदांवर ढकलू नये असे माझे मत आहे. नागरिकत्व तर आपल्याकडच्या सर्वांनाच होते, मग चिकोडी-निपाणीतून किती गांधीनगरे उभी राहिली?

ताई, सिंधी समाजही एकसारखा नव्हता, हे तुमच्या लिखाणात यायला हवे. सरकारी नोकरी आणि शिक्षण यांत पुढे असलेले आमिल वेगळे, व्यापारी भाईबंद वेगळे. हैदराबाद-सिंधच्या भाईबंदांतल्या पेढ्या एकोणिसाव्या शतकापासून परदेशांत पसरल्या होत्या. फाळणीत घरदार गेले, पण माल कुणाकडे मिळतो, कुणाच्या शब्दावर उधार मिळते आणि पैसे किती दिवसांत फिरवावे लागतात, हे ज्ञान माणसांबरोबर आले. त्याच वेळी छावणीत पापड लाटणाऱ्या बायका आणि रेल्वेच्या डब्यात गोळ्या-पेन्सिली विकणारी पोरेही याच समाजातली होती. गांधीनगरच्या मोठ्या पेढ्या पाहून सगळा समाज श्रीमंत ठरवला, तर त्या पेढ्यांवर पगारावर काम करणारा सिंधी तुमच्या कोष्टकात दिसणारच नाही.

माल थोड्या नफ्यावर सोडायचा आणि खप वाढवायचा, ही त्यांची रीत. माझ्या दुकानात मी एका साडीवर जेवढे मिळवायला बघतो, तेवढे त्यांना चार साड्यांवर चालते, कारण तेवढ्या वेळात त्यांच्या चाळीस गेलेल्या असतात.

तिबेटी लोकांचा धंदाही उधारीवरच उभा आहे, हे मात्र फार जणांना ठाऊक नसते. स्वेटर ते विणत नाहीत. बहुतेक माल लुधियानाचा असतो. हंगामाआधी तो उधार उचलायचा, थंडीचे तीन-चार महिने गावोगावी विकायचा आणि लोसर या त्यांच्या नववर्षाच्या सुमारास हिशेब चुकता करायचा. गहाण ठेवायला काही नसताना लुधियानाचा व्यापारी त्यांना माल देतो तो त्यांच्या शब्दावर आणि त्यांच्या विक्रेत्यांच्या संघटनांच्या भरवशावर. हे व्यापारी वृत्तीचे लक्षण नव्हे तर काय? अडचण एवढीच की थंडी पडली नाही की वर्ष गेले. कापड मात्र बाराही महिने खपते.

उत्तर : खानापूर (निवृत्त शिक्षिका, काही वर्षे हल्याळ भागात नोकरी)

वरची दोन्ही उत्तरे बाजारपेठ डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मुंडगोड समजून घ्यायचे तर शेतीकडे आणि मठांकडे पाहावे लागेल.

सुरुवातीच्या काळात तिबेटी निर्वासितांना हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर लावले होते. पुढे त्यांना दक्षिणेत जमीन देण्याचे ठरले आणि त्या वेळच्या म्हैसूर राज्याने सर्वांत मोठा वाटा उचलला. आधी बैलकुप्पे, मग १९६६ मध्ये मुंडगोड आणि त्यानंतर हुणसूर व कोळ्ळेगाल. मुंडगोडच्या वेळी मुख्यमंत्री निजलिंगप्पा होते. सीमाभागात हे नाव वेगळ्याच, म्हणजे सीमावादाच्या, संदर्भात घेतले जाते, पण तिबेटी लोक ते कृतज्ञतेने घेतात. सुमारे चार हजार एकर जंगल तोडून वसाहत उभी राहिली. थंड पठारावरची, याक आणि सातू यांची सवय असलेली माणसे आपल्या दमट उन्हात मका लावू लागली. वस्त्यांना अजूनही 'कॅम्प नंबर अमुक' म्हणतात. उल्हासनगरातले सिंधीही आपला पत्ता तसाच सांगतात, ही गंमत तुमच्या प्रबंधिकेत शोभेल.

जमीन पहिल्या पिढीला पुरली. तीच जमीन आता तिसऱ्या पिढीला वाटायची आहे, नवी विकत घेता येत नाही आणि शेती पावसाच्या पाण्यावर चालते. स्वेटरचा धंदा त्यातून वाढला. मका निघाला की घरातली धडधाकट माणसे बाहेर पडतात आणि कॅम्पात म्हातारी माणसे व शाळेतली मुले राहतात. मी एकदा डिसेंबरात गेले होते. एका घरी सत्तरीच्या आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. सूनबाई कुठे, असे विचारले तर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात फेब्रुवारीचे पान उलटून दाखवले.

सामाजिक बाजूला मठांचा विचार केल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता येणार नाही. द्रेपुंग आणि गान्देन हे ल्हासाजवळचे दोन मोठे मठ मुंडगोडला नव्याने उभारले गेले. तिथे हजारो भिक्षू शिकतात आणि त्यांत लडाख, अरुणाचलासारख्या हिमालयीन भागांतूनही मुले येतात. मठांना परदेशांतून देणग्या मिळतात, म्हणून भव्य प्रार्थनागृहे पाहून आपला माणूस म्हणतो, 'यांना काय कमी आहे?' पण मठाचे उत्पन्न म्हणजे शेजारच्या शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न नव्हे. तुमच्या कोष्टकात हे दोन रकाने वेगळे ठेवा.

आणखी एक बाजू पाहा. याच मुंडगोड-हल्याळ तालुक्यांत आपल्यासारखी मराठी बोलणारे गवळी-धनगर राहतात आणि सिद्दीही राहतात. वसाहतीच्या शेतांवर आसपासच्या गावांतली माणसे मजुरीला जातात. पिढ्यान्पिढ्या इथे राहणारा मजूर आणि परदेशी म्हणून नोंदलेला मालक, तोही कागदावर मालक नसलेला, हे नाते समजून घेतल्याशिवाय तिथल्या आर्थिक स्थितीचे चित्र पुरे होणार नाही. गांधीनगरात आपले लोक गिऱ्हाईक आणि हमाल म्हणून जातात, त्यामुळे तिथल्या कुरबुरी वेगळ्या असतात.

विद्यार्थिनीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. 'मुळातच' हा शब्द मी दोन्ही ठिकाणांहून काढला आहे. आता एक उपप्रश्न विचारते. त्या शेठची वही मला आठवते. आज त्यांचे नातू संगणकावर इंग्रजीत बिल करतात आणि त्यांना सिंधी लिहिता येत नाही. तिबेटी मुले मात्र आपली लिपी शाळेत शिकतात. मग सामाजिक स्थितीत कोण पुढे, हे कसे ठरवायचे?

उत्तर : खानापूर (निवृत्त शिक्षिका)

ते ठरवू नका. दोघांच्या नफा-तोट्याची जातकुळीच वेगळी आहे.

सिंधीला १९६७ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण तिच्यासाठी राज्य नव्हते आणि लिपी अरबी ठेवावी की देवनागरी, यावर समाजातच दोन तट पडले. कुटुंबे शहराशहरांत विखुरली, मुले मराठी, हिंदी आणि पुढे इंग्रजी शाळांत गेली, कारण व्यापाराला गिऱ्हाइकाची भाषा लागते. तिबेटी मुलांसाठी केंद्र सरकारने १९६१ पासून स्वतंत्र शाळा काढल्या आणि वसाहत एकसंध राहिली, म्हणून भाषा टिकली. परंतु या शाळांतून शिकलेल्या मुलांना, नागरिकत्व नसल्यामुळे, बहुतेक सरकारी नोकऱ्यांची दारे बंद होती. जी मुले तिबेटी उत्तम लिहितात, तीच अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या वाटेला लागतात. निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत भारतात सुमारे ९४ हजार तिबेटी मोजले गेले होते आणि त्यानंतर ही संख्या घटतच गेली आहे. वसाहतीतल्या कित्येक घरांची दुरुस्ती आता बाहेरून येणाऱ्या पैशांवर होते.

उत्तर : शहापूर, बेळगाव (निवृत्त वकील)

खानापूरच्या बाईंच्या म्हणण्याला एक पुरवणी. गांधीनगरची जागा सिंधी लोकांच्याही आधी निर्वासितांचीच होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेल्या पोलिश लोकांची छावणी १९४३ पासून वळिवडे येथे होती. सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. १९४८ पर्यंत ती निघून गेली आणि छावणी सिंधी निर्वासितांच्या वाट्याला आली. त्याच जागेवरून एक समाज पाच वर्षांत निघून गेला आणि दुसरा कायमचा राहिला. जागेचा किंवा स्वभावाचा गुण सांगणाऱ्यांना हे उदाहरण जरूर दाखवा.

उत्तर : चिकोडीचा एक व्यापारी

ताई, मुंडगोडला जाणार असाल तर लोसर झाल्यावर जा, तेव्हा विक्रीवरून परतलेली माणसे घरी भेटतील. हुबळीहून तडसमार्गे बस मिळते. उत्पन्न किती, असे विचारू नका, कोणीही खरे सांगणार नाही, मीही सांगत नाही. लुधियानाची उधारी या वर्षी कोणत्या महिन्यात फिटली, एवढेच विचारा. तुमच्या वडिलांना गांधीनगरची उधारी विचारून बघा, ते तारखेसकट सांगतील.