विंडोज-व्ही दाबलं की गिऱ्हाइकांचं सगळं दिसतंय, पुसायचं कसं?

झेरॉक्सताई
अप्पा बळवंत चौकाजवळ माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर गिऱ्हाईक स्वतः बसतं. मागच्या आठवड्यात एक काकू मुलीचा लग्नाचा बायोडेटा करून घ्यायला आल्या. 'अपेक्षा' लिहिलं, खाली कंट्रोल-व्ही दाबलं, तर आदल्या गिऱ्हाइकाच्या भाडेकराराचं कलम येऊन बसलं: 'मुदत अकरा महिने, पुढे उभयपक्षी संमतीने वाढवता येईल.' काकू म्हणाल्या, "राहू दे गं, हल्ली असंच चाललंय."

हसण्यावारी गेलं. पण भाचा म्हणाला, मावशी, विंडोज आणि व्ही एकत्र दाबून बघ. दाबलं तर यादीच उघडली! कुणाचा पॅन नंबर, कुणाचा फॉर्मचा पासवर्ड. पोटात गोळा आला. रात्री कॉम्प्युटर बंद केला की सकाळी यादी कोरी असते, पण एक बँक खाते नंबर आठवडाभर जागचा हलत नाहीये. विंडोज 10 आहे. काय करू?

कोथरूडकर_बग
ताई, ती क्लिपबोर्ड हिस्टरी, म्हणजे कॉपी केलेल्या गोष्टींची यादी. 2018 च्या अपडेटपासून आली. 25 नोंदी मावतात, पुढची आली की सगळ्यात जुनी गळते. तुमचा तो नंबर कुणीतरी पिन केलाय. पिन केलेलं रीस्टार्टलाही जात नाही आणि 'क्लिअर ऑल'लाही दाद देत नाही. त्याच्याशेजारी तीन टिंबं असतील, तिथून डिलीट करा.

निवृत्त_पण_ऑनलाईन
आम्ही काम झालं की एखादं फालतू अक्षर कॉपी करून ठेवायचो, जुनं पुसलं जायचं. हिस्टरी चालू असली की ही युक्ती फसते, जुनं यादीत खाली सरकतं एवढंच. गिऱ्हाइकांच्या मशीनवर हिस्टरी बंदच करा: सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्ड. तिथेच सिंकचं बटण आहे, तेही बंद आहे ना बघा, नाहीतर त्याच अकाउंटच्या दुसऱ्या मशीनवरही सगळं उमटेल.

डीटीपी_नारायणपेठ
वर्ड वापरता ना? त्याचा क्लिपबोर्ड वेगळा. होम टॅबवर क्लिपबोर्डच्या कोपऱ्यातला बारका बाण दाबा, डावीकडे पट्टी उघडेल. 24 गोष्टी राहतात त्यात. तिथलं 'क्लिअर ऑल' वेगळं दाबायचं. मी एका वकिलांच्या नोटिशीत दुसऱ्यांच्या अशिलाचं नाव चिकटवून बसलो होतो, तेव्हापासून ही सवय लागली.

झेरॉक्सताई
झालं! गिऱ्हाइकांच्या मशीनवर हिस्टरी बंद केली, वर्डची पट्टीही रिकामी केली. पिनचा उलगडाही झाला. भाच्याला तो नंबर काढायचा होता, म्हणून त्याने टाचणीचं चित्र दाबलं. का, तर "टाचणी म्हणजे उपटून टाकायची ना?" आता काय बोलायचं!

माझ्या मशीनवर मात्र हिस्टरी चालू ठेवलीय. पिन फक्त एकच: 'आमचे येथे श्रीकृपेकरून'. तुळशीच्या लग्नानंतर दिवसाला दहा पत्रिका असतात हो, दरवेळी कोण टाईप करणार?